राक्षस खोटा चालेल, कप्पी नाही

४ फेब्रुवारी

ताई,

खुशाली वगैरे पुढच्या वेळी विचारीन. आज मी संतापलेलो आहे आणि तुझ्यावरच संतापलेलो आहे, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाच.

परवा इथल्या हाडांच्या दवाखान्यातली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली म्हणून मला बोलावणं आलं. माणसं वर काम करत होती आणि मी खाली बाकावर बसून त्यांच्यावर ओरडत होतो. शेजारी नऊ-दहा वर्षांची एक मुलगी बसली होती. उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत प्लास्टरमध्ये, हनुवटीला चार टाके आणि मांडीवर पुस्तक. डाव्या हाताने पान उलटायची आणि ते मिटू नये म्हणून प्लास्टरचा कोपर त्यावर ठेवायची. पुस्तक कुठलं? 'बुरुजांआडच्या गोष्टी'. तुझ्या मालिकेला जोड म्हणून निघालेलं नवं जोडपुस्तक.

मी विचारलं, "काय गं, कुठे धडपडलीस?"

"धडपडले नाही," ती म्हणाली. "स्वयंपाकिणीसारखी सुटका करून घेत होते."

तिने पाचव्या गोष्टीतली स्वयंपाकिणीची युक्ती केली, ताई. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून. कपडे वाळत घालायच्या दांडीची कप्पी, तिच्यावरून दोरी, एका टोकाला टोपली आणि टोपलीत ही, दुसऱ्या टोकाला वाळूची पिशवी, पिशवीला भोक. वाळू गळत जाईल, पिशवी हलकी होत जाईल आणि टोपली 'पिसासारखी अलगद' खाली येईल, असं तू लिहिलं आहेस. अगं, ती तशी येत नाही! आधी कितीतरी वेळ जागची हलत नाही आणि एकदा हलली की थांबत नाही, कारण वाळू गळायची थांबत नाही. कुठल्याही लिफ्टवाल्याने सांगितलं असतं. मला विचारायचं होतंस.

'सात बुरुजांचा देश' सुरू केलास तेव्हा आपलं काय ठरलं होतं? राक्षस खोटा चालेल, कप्पी खोटी चालणार नाही. सहाही पुस्तकांच्या पहिल्या पानावर तू छापत आलीस, 'या पुस्तकातली प्रत्येक युक्ती करून पाहिलेली आहे.' पोरं त्या एका ओळीवर जीव टाकतात. ती ओळ याही पुस्तकात आहे. कोणाच्या भरवशावर छापलीस? मी पाचव्या गोष्टीला हो म्हटल्याचं मला आठवत नाही.

तिच्या आईशी बोलायची हिंमत झाली नाही. लिफ्ट सुरू झाल्यावर मी मागच्या दाराने निघून आलो.

तुझा भाऊ

९ फेब्रुवारी

प्रिय खुडबुड्या,

तू फोन घेत नाहीस म्हणून लिहिते आहे. वहिनीने उचलला आणि "ते बोलणार नाहीत म्हणतात" एवढं सांगून ठेवून दिला. साठीला आलास, पण रुसायची तऱ्हा अजून चौथीतलीच.

मुलीचं वाचलं. दोन दिवस मी टेबलाकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि माझंही डोकं सणकलं. 'मला विचारायचं होतंस'? याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा.

पाचव्या गोष्टीची पानं आत्ता माझ्यासमोर आहेत. ऑगस्टमध्ये तुला पाठवली, सप्टेंबरमध्ये परत आली. वर मधोमध खिळ्याचं भोक आहे, कोपऱ्यात तुझ्या अंगठ्याचा तेलकट ठसा आहे. आपली पद्धत मी तुला सांगायला हवी का? मी गोष्ट लिहिते. तू पानं तुझ्या कामाच्या टेबलावरच्या खिळ्याला टांगतोस आणि ती बघत बघत वस्तू बनवतोस. नाही जमली तर लाल पेन्सिलीने पानभर 'चालत नाही', आणि का चालत नाही याची लांबलचक जंत्री. जमली तर एक शब्द नाही, नुसतं भोक पाडून परत. अठरा वर्षांत तू कधी 'छान' असं लिहिलं नाहीस, म्हणून त्या भोकालाच मी शाबासकी मानत आले. पाचव्या गोष्टीवर लाल पेन्सिल कुठे आहे ते दाखव. मी भिंग घेऊन शोधली.

म्हणजे टांगलीस, केलीस, चालली, असंच मी समजणार ना? आणि आता तू कानांवर हात ठेवतोस?

इकडची गंमत ऐक. त्या आईचं पत्र प्रकाशकाकडे आलं आहे. चांगलं तीन पानी आहे आणि त्यातला एक शब्दही चुकीचा नाही. प्रकाशक म्हणतो, उत्तर द्यायचं नाही. पुढच्या छपाईपासून सातही पुस्तकांतली आपली ओळ काढायची आणि तिथे घालायचं: 'या मालिकेतील सर्व युक्त्या काल्पनिक आहेत. वाचकांनी त्या करून पाहू नयेत.' या महिन्याच्या अखेरीस माझी सही हवी आहे. मी देणार आहे. आणखी एका पोराचं हाड मोडण्यापेक्षा ते बरं.

आणि हे तुझं अक्षर असं का आलं आहे? 'संतापलेलो' हा शब्द मला तीनदा वाचावा लागला.

ताई

१३ फेब्रुवारी

ताई,

काल्पनिक?

पुन्हा एकदा लिही तो शब्द आणि माझ्या तोंडावर म्हणून दाखव. दुसऱ्या पुस्तकातला शिड्यांचा पूल मी अंगणात अकरा वेळा उभा केला आणि दहा वेळा पाडला. अकराव्या वेळी त्यावरून तुझी वहिनी चालत गेली, दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेऊन, कारण तू लिहिलं होतंस की तोफखान्यातली माणसं ओझं घेऊन पळतात. पाचव्यातला पाणघड्याळाचा भोंगा पहाटे वाजला आणि सगळी गल्ली दारात येऊन उभी राहिली. शिव्या मी खाल्ल्या. तू पुढचं प्रकरण लिहायला घेतलंस. मी कधी म्हटलं का, ताई, पुस्तकात माझं नाव घाल? कधी नाही. मला गरजच नव्हती. ती पहिल्या पानावरची ओळ माझी होती. अख्ख्या पुस्तकात माझं म्हणून तेवढंच होतं. आता तीच खोडतेस आणि तिच्या जागी लिहितेस की हे सगळं हवेत होतं!

आणि भोकाचं मला सांगू नकोस. ऑगस्टमधलं तुझं पत्र माझ्याकडेही आहे. वाचून दाखवू? 'प्रकाशक घाई करतो आहे. मुख्य मालिकेचं सातवं पुस्तक लांबलं म्हणून मधल्या वेळात मुलांच्या हाती काहीतरी द्यायचं आहे. या वेळी प्रत्येक युक्ती करून बघत बसू नकोस, नुसतं नजरेखालून घाल.' नुसतं नजरेखालून घाल! हे कोणी लिहिलं, राक्षसाने? मी तेव्हाच म्हणत होतो, हे जोडपुस्तक कशाला? स्वयंपाकीण, पुलाचा रखवालदार, कंदीलवाली, ही माणसं मुख्य गोष्टीत आपापल्या कामाला लागलेली होती. त्यांना ओढून आणून एकेक युक्ती तू त्यांच्या गळ्यात बांधलीस, आणि तीही चार महिन्यांत सात. उंटावरून शेळ्या हाकल्या तर त्या खड्ड्यातच जायच्या.

तू सही केलीस तर यापुढे मला पानं पाठवू नकोस. शेवटचं पुस्तक तुझं तू लिही. त्यात सगळं पिसासारखं अलगद होऊ दे.

अक्षर रागाने वाकडं आलं आहे. रागात तुझं तरी कुठे सरळ येतं?

फोन मी घेणार नाही. फोनवर भांडलं की तू रडतेस आणि मग मला गप्प बसावं लागतं. पत्रात काय रडायचं ते रड.

भाऊ

१७ फेब्रुवारी

ती. ताई,

हे पत्र यांना न सांगता लिहितेय. तुम्हां भावंडांच्या भांडणात मी अठरा वर्षं पडले नाही. बादल्या घेऊन त्या पुलावरून चालले तेव्हासुद्धा तोंडातून ब्र काढला नाही. आज मात्र मला तुम्हां दोघांचाही राग आलाय.

यांचे हात थरथरतात. दीड वर्ष झालं. आधी नुसता उजवा होता, आता दोन्ही. शर्टाची बटणं मी लावते. चहा अर्धाच कप भरते, म्हणजे सांडत नाही. लिफ्टच्या कामावर जातात, पण हत्यार हातात धरत नाहीत, बाकावर बसून माणसांना सांगतात. "ताईला एक अक्षर कळता कामा नये," असं मला बजावलंय. कळलं तर तुम्ही पानं पाठवायच्या बंद कराल ही भीती. दुसरं काय!

या पुस्तकातल्या पहिल्या चार गोष्टी यांनी केल्या. कशा केल्या ते मला विचारा. चौथीतला कंदील जोडायला एकवीस दिवस लागले. पाचवीची पानं टांगली आणि कप्पीत दोरी ओवायला बसले. दोरी काही केल्या आत जाईना. मी म्हटलं, आणा, मी ओवते. तर माझ्या अंगावर असे ओरडले की शेजारीण धावत आली. मग आठ दिवस नुसते त्या पानांकडे बघत बसले. तेवढ्यात तुमचं ते 'नजरेखालून घाल'चं पत्र आलं. यांनी पानं खिळ्यावरून काढली, पाकिटात घातली आणि म्हणाले, "ताईच म्हणतेय."

सहावी आणि सातवी तर टेबलाजवळसुद्धा नेली नाहीत. खिळ्याला लावली, काढली, पाठवली. आणि तुम्ही? तुम्ही वर्षभरात इकडे फिरकला नाहीत. एकदा आला असतात तर चहाच्या कपावरूनच कळलं असतं.

एका लेकराचा हात मोडलाय आणि तुम्ही दोघं खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचं यात दंग आहात. मला तर दोघांनाही समोरासमोर उभं करून थोबडवावंसं वाटतं. वयानं मोठे आहात म्हणून लिहून थांबते.

वहिनी

२१ फेब्रुवारी

खुडबुड्या,

वहिनीने मला सगळं कळवलं आहे. तिच्यावर चिडलास तर याद राख. मी पहिल्या गाडीने येईन आणि तुझ्या त्या बाकावर तुझ्या शेजारी बसून राहीन, मग बस ओरडत.

मला तुझा इतका राग आला आहे की हे पत्र तीनदा फाडलं. हात थरथरतात म्हणून राग नाही, गाढवा. हाताला काय, उद्या माझे डोळे जातील. पण दीड वर्ष तू मला काही कळू दिलं नाहीस आणि वर तीन गोष्टींची रिकामी भोकं पाठवलीस! मी ती पानं हातात घेऊन खूश व्हायचे. आपला खुडबुड्या टेबलाशी बसून खटपट करतो आहे असं चित्र डोळ्यांसमोर आणायचे आणि त्या चित्राच्या जोरावर पुढचं लिहायचे. तू लाल पेन्सिलीने एवढंच लिहायचं होतंस, 'मला जमत नाही.' 'चालत नाही' हजार वेळा लिहिलंस, मग यालाच काय झालं होतं?

आता माझं. 'नजरेखालून घाल' हे मीच लिहिलं. लिहिताना मला ठाऊक होतं की मी नियम मोडते आहे. तरीही पहिल्या पानावरची ओळ तशीच जाऊ दिली. मुद्रितं तपासताना माझी नजर त्या ओळीवर थांबली होती, हेही तुला सांगते. क्षणभर थांबली आणि पुढे गेली. वहिनीने मला थोबडवायला हरकत नाही.

काल प्रकाशकाकडे गेले होते. म्हटलं, सही करणार नाही. सहा पुस्तकं खरी आहेत, ती मी काल्पनिक म्हणणार नाही. जोडपुस्तक दुकानांतून परत घ्या आणि नव्या छपाईत पहिल्या पानावर हे घाला: 'या पुस्तकातल्या पाचव्या, सहाव्या आणि सातव्या गोष्टींतल्या युक्त्या करून पाहिलेल्या नाहीत. तरी आम्ही तसं छापलं. ते खोटं होतं. पाचव्या युक्तीने एका मुलीचा हात मोडला.' त्याने माझ्याकडे मला वेड लागल्यासारखं पाहिलं. म्हणाला, "बाई, मुलांच्या पुस्तकात असं कोणी छापतं का? एवढीच हौस असेल तर शेवटचं पुस्तक दुसरीकडे द्या." मी म्हटलं, देते.  जिन्यात आल्यावर मात्र त्याला अशा शिव्या घातल्या की वर येणारा टपालवाला भिंतीला चिकटून उभा राहिला.

पण छापण्याच्या आधी त्या मुलीला तोंडी सांगायला हवं. तिला ते पुस्तकात वाचून कळावं हे बरोबर नाही. तू तिच्या गावात आहेस. तिच्या आईच्या पत्रावरचा पत्ता सोबत पाठवते आहे. मागच्या दाराने निघून आलास ना? आता पुढच्या दाराने जा.

ताई

२ मार्च

ताई,

गेलो होतो.

आधी तुझ्या कामाचं. ती कबुली छाप, शब्दही बदलू नकोस. कोणी छापत नसेल तर हाताने लिहून प्रत्येक पुस्तकात चिकटव. खाली माझं नाव घाल, तुझ्या नावाच्या आधी. आणि बायको चुगली करणार हे मला ठाऊकच होतं. दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बटणं कोण लावणार म्हणून बोलावं लागलं.

आता तिकडचं. आईने दार उघडलं. मी कोण ते सांगितलं. बाई दारातच उभी राहिली, मला आत या म्हणाली नाही. दाताच्या दवाखान्यात कामाला आहे, नुकतीच घरी आली असावी, अंगावर तो पांढरा कोट तसाच होता. तिने मला जे सुनावलं ते सगळं लिहीत नाही, पण एक लिहितो. "तुम्ही लिफ्टवाले ना? मग न तपासता लिफ्टवर 'चालू आहे' अशी पाटी लावाल का? लावाल का सांगा. मी पोरीला तुमच्या पुस्तकावर सोडून कामाला जात होते. टीव्ही नको, मोबाईल नको, पुस्तक वाचते म्हणून लोकांना कौतुकाने सांगत होते." मी मान खाली घालून उभा होतो. तिला मधेच तोडावं असं एकही वाक्य नव्हतं. मला राग यायला हवा होता, एरवी असं कोणी बोललं तर येतो. आला नाही.

तेवढ्यात आतून मुलगी आली. मला ओळखलं. म्हणाली, "बाकावरचे आजोबा." आई म्हणाली, "विचार यांना काय सांगायचंय ते." मग मी सांगितलं. ती पाचवी युक्ती मी करायची होती आणि केली नाही. पुस्तकात लिहिलं ते खोटं होतं. चूक तुझी नव्हती, तू सगळं लिहिल्याप्रमाणे केलंस, लिहिलेलंच चुकीचं होतं.

ती म्हणाली, "केलीच नव्हती?"

"नाही."

"का?"

मी दोन्ही हात पुढे केले. तिने ते बराच वेळ पाहिले. वाटलं, आता म्हणेल, असू दे आजोबा. तसलं काही म्हणाली नाही.

"मग तसं लिहायचं ना," ती म्हणाली. "कोपऱ्यावरच्या बांधकामावरून वाळू मी एकटीने आणली. आईला न सांगता. तीन दिवस लागले." आणि तिचे डोळे भरून आले, रागाने. रडायचं नव्हतं तिला, म्हणून आणखी राग. ताई, मला वाटत होतं की मी रागीट आहे. त्या पोरीपुढे मी काहीच नाही.

मग मी मूर्खासारखा बोललो. म्हणजे मला तेव्हा ते मूर्खासारखं वाटलं नव्हतं. मला वाटलं, निदान एवढं तरी तिच्या हातात द्यावं. मी म्हटलं, "पण बाळ, आधीच्या सहा पुस्तकांतल्या सगळ्या मी केल्या आहेत. एकूण एक. त्या खऱ्या आहेत." मान वर करून म्हटलं. तुला खरं सांगतो, छाती फुगली होती.

"माहितीये," ती म्हणाली. "पहिल्यातली छत्रीची नाव मी केली होती. हौदात तरंगली. चौथ्यातलं दोऱ्याचं कुलूप केलं, ते उघडलं. तिसऱ्यातली आरशांची दुर्बीण केली, तिच्यातून कोपऱ्यापलीकडचं दिसलं. सगळं खरं निघालं." मग म्हणाली, "म्हणून तर मी टोपलीत बसले. तुमचं पहिलंच खोटं निघालं असतं ना, तर मी बसलेच नसते."

 आई म्हणाली, "झालं तुमचं?" मी हो म्हटलं. तिने दार लावून घेतलं.

चार दिवस हेच डोक्यात आहे. मुलगी पडली ती पाचव्या गोष्टीमुळे, असं मी धरून चाललो होतो. तुलाही तसंच वाटत असेल. मी तिला काहीतरी सांगायला हवं होतं, पण काय ते अजून सुचत नाही. तुला सुचलं तर मला लिहू नकोस, तिला लिही. पत्ता तुझ्याकडे आहेच.

भाऊ